मदत हवी आहे: पोकलेनच्या स्प्रॉकेट हबमधील आटे गेले आहेत

काळी_माती:
वीस टनी पोकलेनच्या डाव्या स्प्रॉकेटला (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) नवे बोल्ट घातले. त्यांपैकी तीन आवळताना नुसतेच फिरू लागले आणि बाहेर काढले तेव्हा त्यांच्या आट्यांत बिडाचा चुरा भरलेला होता. हब (स्प्रॉकेट ज्यावर बोल्टने बसते तो भाग) बदलणे परवडणारे नाही आणि शेततळ्याचे काम खोळंबले आहे. कृपया पक्का उपाय सांगावा.

जुना_फिटर:
बोल्टचा व्यास, पिच (लगतच्या दोन आट्यांतील अंतर) आणि ग्रेड (मजबुतीचा दर्जा) कळल्याशिवाय काय सांगणार? भोक आरपार आहे की ब्लाइंड (तळाशी बंद), हेही लिहावे.

काळी_माती:
बोल्ट सोळा मिमीचेच आहेत. भोक आरपार आहे.

वेल्डर_सांगली:
निकेलच्या वेल्डिंग रॉडने भोक भरून घ्यावे, नव्याने ड्रिल करून आटे मारावेत. आमच्याकडे बिडाची कामे वर्षानुवर्षे अशीच होतात.

जुना_फिटर:
पंप किंवा ब्रॅकेट सुटे करून टेबलावर घेता येत असेल, तर आपले म्हणणे मान्य आहे. येथे मात्र हबच्या आत फ्लोटिंग सील (तेल आत आणि माती बाहेर ठेवणारे) असून त्याच्या रबरी रिंगा त्या उष्णतेने जातील. शिवाय वेल्डिंगलगतचे बीड इतके कडक होते की त्यात टॅप (आटे पाडायचे हत्यार) तुटून बसण्याचीच शक्यता अधिक.

लेथवाला:
मग एम18 (18 मिमी व्यासाचे आटे) करून मोकळे व्हावे.

जुना_फिटर:
आटे उपटल्यावर भोक जवळजवळ 16 मिमीचे झालेले असते आणि एम18 साठी ते 15.5 चे लागते, म्हणजे नवे आटे अर्धवट उंचीचे येतील. वर स्प्रॉकेटची भोकेही मोठी करावी लागतील.

डिझेल_अण्णा:
साखळीचा ताण तपासला का? साखळी फार ताणलेली असली की स्प्रॉकेट लवकर झिजते.

काळी_माती:
अण्णा, प्रश्न आट्यांचा आहे. फिटरसाहेब, जुना बोल्ट नव्याशेजारी धरला तर आटे जुळत नाहीत. दुकानदाराने नवे ‘पाच सुती’ म्हणून दिले होते.

जुना_फिटर:
तेच विचारत होतो. पाच सूत म्हणजे 15.875 मिमी, इंचाला 11 आटे, म्हणून पिच सुमारे 2.31 मिमी होते. आपल्या भोकाची पिच 2 मिमी आहे. असा बोल्ट हाताने थोडा जातो, मग अडकतो आणि इम्पॅक्ट गन (झटके देत आवळणारे यंत्र) लावली की हबचे आटे सोलून काढतो.

उपाय हेलिकॉइलचा, म्हणजे भोकात बसवून नवे आटे देणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा. योग्य बोल्टांवर स्प्रॉकेट घट्ट ठेवून त्याच्याच भोकातून 16.5 चे ड्रिल चालवावे, म्हणजे रोख चुकत नाही. पुढे स्प्रॉकेट काढावे लागेल, कारण हेलिकॉइलचा टॅप 18.5 मिमीहून जाड असतो. तो काटकोनात धरून आटे मारावेत, भोक तेलमुक्त करावे आणि हबची जाडी पुरत असेल तर 24 मिमी लांबीची कॉइल पृष्ठभागाच्या किंचित आत बसवावी. नंतर एम16, 2 पिचचे मूळ ग्रेडचे बोल्ट थ्रेड लॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारे द्रव) लावून टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) आवळावेत.

लेथवाला:
तारेची गुंडाळी स्प्रॉकेटचे झटके सोसेल?

जुना_फिटर:
झटका मुख्यतः बोल्टच्या दाबाने होणाऱ्या घर्षणावर जातो. म्हणूनच एकही बोल्ट सैल चालत नाही. पाच सुती बोल्ट आणखी कोठे घातले आहेत का?

काळी_माती:
आणखी चार ठिकाणी, परंतु ते घट्ट बसले आहेत.

जुना_फिटर:
ते बसलेले नाहीत, अडकले आहेत. हातपान्याने हळूहळू काढावेत, त्या भोकांत एम16 चा टॅप फिरवून आटे पाहावेत आणि मगच किती कॉइली लागतील ते ठरवावे.