सोलापूर-पुणे आठवड्यातून तीन दिवस जमतं का? अर्जंट मदत हवी आहे

दत्तनगरची_लेक
नमस्कार. सोलापूरहून पुण्याला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला ये-जा करणारं कुणी आहे का इथे? ट्रेन बरी की बस, महिन्याला खर्च किती येतो आणि शरीराला झेपतं का एवढंच सांगा. १ तारखेपासून जायचंय आणि मॅनेजरला परवापर्यंत उत्तर द्यायचंय. पुण्यात शिफ्ट हो असं प्लीज सांगू नका, ते होणार नाही, अम्माला सोडता येत नाही.

रोजचा_पॅसेंजर
हुतात्मा एक्सप्रेस आहे की. सकाळी साडेसहाला सोलापूर सोडते, साडेदहाच्या आसपास पुणे. संध्याकाळी सहाला पुण्यातून निघते, दहाला घरी. मंथली पास काढून टाका, स्वस्तात पडेल. मी चार वर्षं पासावर काढली, काही होत नाही, सवय लागते.

टिकेकरवाडी
पास कुठला काढणार? पास १५० किमीपर्यंतच मिळतो, सोलापूर-पुणे अडीचशेच्या वर आहे. तुमचा पास कुठून कुठे होता ते सांगा आधी. ती बिचारी यावर महिन्याचा हिशोब मांडून बसेल.

रोजचा_पॅसेंजर
कुर्डुवाडी ते दौंड. बरं, पासाचं चुकलं माझं. गाडीचं बरोबर सांगितलंय.

वाकडवासी_सोलापूरकर
ताई, पुण्यात ऑफिस कुठे? किती वाजता पोचायचं असतं? तीन दिवस सलग की मधे सुट्टी? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार.

दत्तनगरची_लेक
हिंजवडी फेज २. मंगळ-बुध-गुरू, दहाला लॉगिन.

वाकडवासी_सोलापूरकर
मग हुतात्मा विसरा. साडेदहाला स्टेशनवर उतरून हिंजवडीला जायला सव्वा-दीड तास धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. वंदे भारत सोलापुरातून सहाच्या सुमारास निघते आणि नवाच्या सुमारास पुण्यात येते, तरी दहा गाठणं कठीण. शिवाय तिकीट महाग, आणि आठवड्यातून एक दिवस ती बंद असते. परतताना सहाची हुतात्मा गाठायची तर फेज २ मधून चारलाच उठावं लागेल. सलग तीन दिवस रोज असं कुणी करत नाही, केलं तर महिनाभरात आजारी पडाल. मी सांगतो ते करा. सोमवारी रात्री बसमध्ये बसा, टेंभुर्णी-इंदापूर-भिगवण रस्ता चांगला आहे, पहाटे पुण्यात. दोन रात्री वाकडला पीजीमध्ये राहा आणि गुरुवारी रात्रीच्या बसने परत. आठवड्यात एकच फेरी.

सुमन_अक्का
आणि एसटीने जा गं, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. माझी सून बार्शीला शाळेवर जाते ती तसंच करते.
पण अम्माला सोडता येत नाही म्हणजे काय झालंय? आजारी आहेत का? घरात दुसरं कोण आहे? दोन रात्री राहायचं का नाही ते त्यावरच ठरणार ना.

दत्तनगरची_लेक
आजारी नाही. जानेवारीत गड्डा यात्रा सुरू व्हायच्या चार दिवस आधी वडील गेले, अटॅक आला, कारखान्यातच. तेव्हापासून मी इथे आहे, मॅनेजरने घरून काम करू दिलं, ते आता बंद झालं. भाऊ आहे, १९ वर्षांचा, पॉलिटेक्निकला.

टिकेकरवाडी
भाऊ घरात आहे मग आई एकटी कुठे? हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायला पाहिजे होतं. १९ वर्षांचा मुलगा आईला दोन रात्री सांभाळू शकत नाही का? मुलींनीच सगळं ओढायचं हे चुकीचं आहे.

दत्तनगरची_लेक
भाऊ चांगला आहे, त्याच्याबद्दल बोलू नका. पाणी पाच दिवसांनी येतं ते रात्री जागून तोच भरतो. प्रश्न तो नाही. अम्मा समोर कुणी बसल्याशिवाय जेवत नाही. मी ताट घेऊन समोर बसले तर अर्धी भाकरी खाते, नाहीतर झाकून ठेवते आणि खाल्लं म्हणून सांगते. भाऊ तिला काही बोलू शकत नाही, तो स्वतःच गप्प झालाय. मी तीन दिवस नसले तर ती तीन दिवस उपाशी राहील, मला माहितीय.

होटगी_रोड
पाणी पाच दिवसांनी? आमच्याकडे चार दिवसांनी येतं, तेही पहाटे तीनला. उजनीचं धरण जिल्ह्यात असून ही अवस्था. दुहेरी पाइपलाइनचं ऐकून ऐकून कान किटले.

सुमन_अक्का
पाण्याचा वेगळा धागा काढा हो, इथे ती मुलगी काय सांगतेय बघा.

हिप्परगा_तलाव
सरळ आईला पुण्याला घेऊन जा. वातावरण बदललं की माणूस बरा होतो. माझ्या आईला मी असंच नेलं, आता बागेत जाते, भजनी मंडळात जाते.

दत्तनगरची_लेक
आधीच लिहिलं होतं शिफ्ट सांगू नका म्हणून. आम्ही घरात तेलुगू बोलतो. अम्माला मराठी कळतं पण मन मोकळं करते ती तेलुगूतच. तिच्या दोन्ही बहिणी याच गल्लीत. वाकडच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर ऑफिसात आणि ती चार भिंतीत, कुणाशी बोलेल? इथे निदान दारात बसली की कुणीतरी हाक मारतं.

निवृत्त_टाइमकीपर
मुली, तू विचारलं नाहीस तरी विचारतो. वडील कारखान्यात गेले म्हणालीस. कुठला, टॉवेलचा का? मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर नाव होतं का? पगारातून पीएफ कापत होते का? क्लेम टाकला का?

दत्तनगरची_लेक
काका, टॉवेलचाच, एमआयडीसीत. पीएफ कापायचे. पण मला आत्ता पीएफचं नाही विचारायचं, परवापर्यंत उत्तर द्यायचंय.

निवृत्त_टाइमकीपर
परवाचं परवा दे. हे लिहून ठेव. नोकरीत असताना माणूस गेला तर एक नाही, तीन गोष्टी मिळतात. पीएफची जमा रक्कम एक. दुसरी बायकोला पेन्शन, १९९५ च्या योजनेतून, त्याला दहा वर्षं नोकरीची अट नाही, एक महिना वर्गणी भरलेली असली तरी विधवेला मिळते. कमीत कमी १००० रुपये महिना, पगार आणि नोकरी बघून जास्त. तिसरा विमा, ईडीएलआय म्हणतात, जास्तीत जास्त ७ लाख. याचे पैसे मालक भरतो, कामगाराच्या पगारातून कापत नाहीत, म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही आणि घरच्यांना पत्ताच नसतो. तुझा भाऊ १९ चा आहे, त्यालाही २५ वर्षांचा होईपर्यंत वेगळी पेन्शन आहे, आईच्या पेन्शनच्या पाव हिस्सा, निदान २५० रुपये.
मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पासबुक, भावाचा जन्माचा पुरावा आणि वडिलांचा पीएफ खात्याचा यूएएन नंबर काढून ठेव. तिन्ही क्लेमचा एकच फॉर्म असतो. कारखान्याची सही लागते. देत नसतील तर सोलापुरातच पीएफचं ऑफिस आहे, तिथे जाऊन लेखी सांग. मिल बंद पडल्या तेव्हा किती बायका या कागदाविना राहिल्या ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून एवढं लिहिलं.

दत्तनगरची_लेक
काका, विम्याचं खरंच कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यातून फक्त पंधरा दिवसांचा राहिलेला पगार आणून दिला. मी तुम्हाला तोडून बोलले, माफ करा.

विडीवालीची_पोर
मीपण सोलापूरच्या पूर्वभागातली, माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. तुझी अम्मा वळत होती का गं? सध्या वळते?

दत्तनगरची_लेक
हो, लग्न झाल्यापासून. जानेवारीपासून बंद. सुपात विडीचं पान तसंच वाळून गेलं, मी परवा उचलून ठेवलं.

विडीवालीची_पोर
कारखान्यात माल कोण नेऊन द्यायचं? पान-तंबाखू घरी कोण आणायचं?

दत्तनगरची_लेक
वडील. कामाला जाताना अम्माला गाडीवर मागे बसवून विडी कारखान्याच्या ब्रँचला सोडायचे, ती माल देऊन, नवं पान घेऊन चालत यायची. हे विचारायचं कारण?

विडीवालीची_पोर
हेच कारण. ती विडीवर रुसलेली नाही, तिला ब्रँचला एकटीनं जाववत नसेल. रोज सकाळी त्यांच्या मागे बसून जायची, आता कुणाबरोबर जायचं? माझी मावशी अशीच बसून होती. तिच्या पोरानं आठ दिवस नेऊन सोडलं, दारात थांबला, परत आणलं. मग इतर बायका दुपारी तिच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या, पान भिजवायचं, साच्यावर कापायचं, हात चालू की तोंडही चालू. बायका डबा घेऊन यायच्या, चौघी बसल्या की जेवण आपोआप होतं. भावाला सांग, कॉलेजच्या आधी तिला नेऊन सोड. त्यालाही काही करायला मिळेल, तोही गप्प आहे म्हणालीस ना.

हिप्परगा_तलाव
विडी पुन्हा सुरू करायला सांगताय? तंबाखूची धूळ छातीत जाते, मान-पाठ जाते, मिळतं किती? वयस्कर बाईला त्यातून बाहेर काढायचं सोडून परत ढकलताय. आता पेन्शन येईल, सोडू द्या ते काम.

विडीवालीची_पोर
धूळ मला माहितीय, आईच्या खोकल्यानं मी रात्री जागलेय. हजार वळायला सांगत नाहीये, दोनशे वळू दे. आणि तिचा स्वतःचा पीएफ आहे, मस्टरवर नाव आहे, ते असं सोडून द्यायचं नसतं. तुमच्या आईला भजनी मंडळ मिळालं. आमच्या आयांचं मंडळ हेच आहे.

निवृत्त_टाइमकीपर
नावाचं बरोबर आहे. बरेच दिवस गैरहजर राहिल्यास काय होतं ते ब्रँचला लगेच विचारून घ्या.

सुमन_अक्का
दोघंही बरोबर बोलताय. तोंडाला फडकं बांधून बसू दे, ओट्यावर बसू दे, बंद खोलीत नको. पण बसू दे.
आणि तू रात्री पुण्यातून व्हिडिओ कॉल लाव, ताट समोर ठेवून तूही जेव.

दत्तनगरची_लेक
काल भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. आज सकाळी उठून गाडी पुसत होता, वडिलांची, जानेवारीपासून झाकून ठेवलेली. अम्माला म्हणाला, शनिवारी ब्रँचला जाऊ, नाव तरी बघून येऊ. ती हो म्हणाली नाही पण नाहीही म्हणाली नाही, पिशवी शोधत होती.
मॅनेजरला मेल केलाय, येते म्हणून, पण पहिला महिना दोनच दिवस मागितलेत. उत्तर आलं नाही अजून. पीएफच्या कागदांसाठी सोमवारी कारखान्यात जातेय, मोठी मावशी सोबत येतेय.
वाकडवासी दादा, आठवड्यात दोनच रात्री राहायचं असेल तर पीजीवाले पूर्ण महिन्याचं भाडं घेतात का? मुलींसाठी चांगली जागा माहिती असेल तर सांगा, रात्रीची बस पहाटे कुठे सोडते तेही.

वाकडवासी_सोलापूरकर
बरेच जण पूर्ण महिन्याचंच मागतात, पण शेअरिंग बेडचं बोलून बघता येतं. माझी बायको फेज १ ला आहे, तिच्या ऑफिसातल्या दोघीजणी असंच येऊन-जाऊन करतात, एक लातूरची आहे. तिच्याकडून पत्ता घेऊन मेसेज करतो. बस पहाटे चारला सोडते, अंधारात एकटी रिक्षा करू नका, पहिल्या आठवड्यात कळवा, आम्ही दोघं घ्यायला येतो.

होटगी_रोड
दत्तनगरला पाणी नक्की कुठल्या वारी येतं? मावशीकडे टाकी बांधायचीय म्हणून विचारतोय.