पिंपरी-चिंचवड २०४१: ३५ लाख की १०४ लाख?

मधुरा_प्लॅनिंग
कॉलेजच्या नगररचना स्टुडिओसाठी (प्रकल्पाच्या तासासाठी) पिंपरी-चिंचवडच्या २०४१ च्या लोकसंख्येचा अंदाज काढायचाय. जनगणनेचे आकडे लाखांत: १९९१ ला ५.२, २००१ ला १०.१, २०११ ला १७.३. अंकगणिती पद्धतीने (दर दशकाला सरासरी तेवढीच भर) ३५ येतात, इन्क्रिमेंटल इन्क्रीजने (दर दशकाची भरही वाढत जाते असं धरून) ४९ आणि भूमितीय पद्धतीने (दर दशकाला तेवढेच टक्के वाढ) थेट १०४! माणशी १३५ लिटर धरले तर रोजचं पाणी ४८० दशलक्ष लिटर की १४००? सर म्हणतात, तिन्हींची सरासरी घे.

जुना_नगररचनाकार
सरासरी मुळीच घेऊ नकोस. तिन्ही सूत्रं त्याच तीन आकड्यांवर चाललीत. एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलं म्हणून तीन साक्षी होत नाहीत.

आधी हद्द बघ. १९९७ ला १८ गावं महापालिकेत आली: मोशी, चऱ्होली, रावेत, पुनावळे वगैरे. तिथली माणसं १९९१ लाही होतीच की, फक्त ग्रामीण भागात मोजली गेली. तुझ्या गणितात ती बाहेरून राहायला आल्यासारखी दिसतात. १९९१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून गाववार आकडे काढ, ५.२ मध्ये मिळव. त्या दशकाची ९४ टक्के वाढ लगेच खाली येईल.

आता ते १०४ लाख बसव बरं कुठेतरी. हद्द साधारण १८१ चौ. किमी, म्हणजे चौरस किलोमीटरला सत्तावन्न हजार माणसं. त्यातून कारखाने, नदीपात्र, रेड झोन (लष्करी आवारांभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा) वजा कर. अख्ख्या बृहन्मुंबईत २०११ ला १२४ लाख होते आणि तिचं क्षेत्र चारशे चौ. किमीहून जास्त. भूमितीय सूत्राला जमीन संपते हे ठाऊकच नसतं.

मी वयोगटवार करीन: जन्म, मृत्यू, स्थलांतर वेगवेगळे. जन्म-मृत्यूत फार चुकायला वाव नाही. खरा खेळ स्थलांतराचा. नोकरी हिंजवडीत किंवा चाकणला, म्हणजे हद्दीबाहेर, आणि बिऱ्हाड वाकड नाहीतर मोशीत. तेव्हा रोजगाराचा अंदाज पालिकेच्या हद्दीपुरता करून भागणार नाही. स्थलांतराचे तीन पर्याय धर आणि प्रत्येकाखाली गृहीतक लिही. सरांना एकच आकडा हवा असेल तर मधला दे, पण गृहीतकासकट.

कोकणातला_इंजिनिअर
आमचं दुखणं उलटं. रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६.९७ लाख, २०११ ला १६.१५. सूत्रात घातलं की नळयोजना दरवर्षी लहान होत जाते! आणि गणपतीत चाकरमानी आले की टाकी दुपारीच कोरडी. वस्तीचा आकडा आणि पाण्याचा आकडा आम्हाला वेगळाच धरावा लागतो.

मधुरा_प्लॅनिंग
काका, गावांचं आजच करते. पण २०११ नंतर जनगणनाच झाली नाही, मधली वर्षं कशावरून तपासू?

जुना_नगररचनाकार
घरगुती वीजजोडण्या आणि मिळकतकराची नोंद. दोन्हींची वाढ प्रभागवार ताडून बघ. मतदारयादीवर विसंबू नकोस, गावाकडे नाव ठेवून इथे राहणारे पुष्कळ. आणि गुंतवणुकीचे बंद फ्लॅट वगळायला विसरू नकोस. ज्या मीटरवर महिनोन्महिने जेमतेम किमान बिल येतं, तिथे बहुधा कुणी राहत नाही.

मधुरा_प्लॅनिंग
मीटरनिहाय वापर विद्यार्थ्याला कोण देणार?

जुना_नगररचनाकार
मीटरनिहाय नको मागूस. वीज कंपनीकडे उपविभागवार, वापराच्या टप्प्यांनुसार ग्राहकसंख्या माग. कॉलेजच्या लेटरहेडवर.