मदत हवी आहे: एआय एजंटला कराचा एक दर बदलायला सांगितला, त्याने जुनी बिलंही बदलली

म्हापसा_पीएचपी:
गेस्ट हाऊसच्या बुकिंगचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर लिहितो, कळंगुट-हडफडे पट्ट्यात चालतं. खोलीभाड्याचा जीएसटी बदलायचा होता. सगळे म्हणतात म्हणून कोडिंग एजंट (आपल्या फायली वाचून स्वतःच कोड बदलणारा एआय) बसवला आणि सांगितलं, "खोलीचा टॅक्स १२ चा ५ कर." केला. पण सोबत फंक्शनांची नावं बदलली, फायली हलवल्या, आणि आता जुनं बिल परत छापलं तर तेही ५ टक्क्यांनी येतं. सीझन तोंडावर आलाय, गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय. एजंटने काम करायला नीट सुरुवात कशी करतात? दोन ओळींत सांगा, व्हिडिओ नकोत.

फर्मागुढी_बॅकबेंच:
कुठला एजंट? विंडोज की लिनक्स? गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) आहे का? टेस्ट (कोडचं उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारा कोड) आहेत का? बिलाचा दर डेटाबेसमध्ये साठवता की छापताना काढता?

वेर्णा_नाईटशिफ्ट:
टर्मिनलमधला (कमांड टाइप करायच्या खिडकीतला) एजंट असेल तर सोडा, कर्सर हा एआय एडिटर घ्या. बदललेली प्रत्येक ओळ लाल-हिरवी समोर दिसते. आणि लॅपटॉप घेणार असाल तर १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका.

म्हापसा_पीएचपी:
लॅपटॉप घ्यायचा नाहीये. विंडोज, पीएचपी, मायएसक्यूएल. टर्मिनलमधला एजंट आहे, नाव सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. गिट नाही, तारीख घालून फोल्डरची कॉपी ठेवतो. टेस्ट नाहीत. एजंट प्रत्येक बदलाला विचारत होता, वेळ जातो म्हणून सरसकट परवानगी दिली. दर सेटिंगमध्ये एकाच ठिकाणी आहेत, बिल छापताना तिथूनच घेतो.

सासष्टी_जुनाजाणता:
एक आकडा बदलायला एजंट कशाला? हाताने पाच मिनिटांचं काम. जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेचा अभ्यास आला. १६ अनुभवी डेव्हलपरांना एआय देऊन काम करायला लावलं, तर कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की २० टक्के लवकर झालं! आधी स्वतःचा कोड वाचा.

फर्मागुढी_बॅकबेंच:
काका, अभ्यास खरा आहे. पण ते १६ जण आपल्याच ओळखीच्या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करत होते, प्रत्येक कोपरा त्यांना पाठ होता. त्यावरून सगळ्यांना नको म्हणणं पटत नाही.

सासष्टी_जुनाजाणता:
यांचाही कोड यांनीच लिहिलाय ना? मग तोच नियम लागू.

काणकोण_रेंज:
पाऊस आला की आमच्याकडे नेट जातं, मग कसला एजंट? ओलामा हे सॉफ्टवेअर टाका आणि एआय मॉडेल आपल्याच मशीनवर चालवा. डेटाही घरात राहतो.

वेर्णा_नाईटशिफ्ट:
साध्या लॅपटॉपवर जे छोटं मॉडेल बसतं, ते अनेक फायलींचं काम धड करत नाही. करून पाहिलंय. बाय द वे, काणकोणला फायबर आलं का? सासरी घ्यायचंय.

पर्वरी_लेखा:
मी प्रोग्रामर नाही, हिशेब बघते. १२ चा ५ सरसकट नाही हो! २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के, तेही इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा मिळत नाही). त्यावरच्या खोलीला १८ आहेच. आणि जुन्या बिलावर जुनाच दर राहणार. हे एजंटला सांगितलं होतं का?

म्हापसा_पीएचपी:
नाही, ते कोडमध्ये दिसतंच की त्याला.

फर्मागुढी_बॅकबेंच:
कोडमध्ये १२ आणि १८ दिसतात. २२ तारीख कुठेच नाही. मग तो कुठून आणणार? आता क्रमाने करा, दोन ओळींत बसणार नाही.

आधी एजंट बंद करा. त्याने हात लावण्याआधीची कॉपी उघडा, तिथे गिट इनिट (गिट सुरू करा) आणि पहिला कमिट (आहे त्या अवस्थेची नोंद). मग नवीन ब्रांच (बदलांसाठी वेगळी फांदी). बिघडलं तर एका कमांडने मागे येता.

मग एजंटला फक्त वाचायला लावा: "दर कुठे कुठे वापरलाय ते सांग, काही बदलू नकोस, आधी योजना दे." योजना पटली तरच पुढे. सूचनांची फाइल ठेवा, क्लॉड कोड हा एजंट 'क्लॉड डॉट एमडी' वाचतो, कोडेक्स हा एजंट 'एजंट्स डॉट एमडी'. त्यात लिहा: नावं बदलू नकोस, न सांगितलेल्या फायलींना हात लावू नकोस. ही सूचना आहे, कुलूप नव्हे, म्हणून परवानगी एकेकच द्या आणि बदल स्वतः वाचा.

कोडच्या आधी टेस्ट लिहून घ्या, उत्तरं पर्वरीताईंकडून. आणि दर बिलाच्या ओळीतच साठवा. तो सेटिंगमधून येतो तोवर जुनं बिल नव्या दरानेच छापणार, एजंट असो वा माणूस.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं: सी फॉर्मसाठी (परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म) घेतलेले पासपोर्ट स्कॅन कुठे ठेवता?

म्हापसा_पीएचपी:
त्याच फोल्डरात, अपलोड्समध्ये.

फर्मागुढी_बॅकबेंच:
आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, कमिट करायच्या आधी. एजंट जी फाइल वाचतो तिचा मजकूर मॉडेलच्या सर्व्हरवर जातो. डेटाबेसचा पासवर्डही हलवा. चाचणीसाठी खोटे पाहुणे भरा.

काणकोण_रेंज:
म्हणूनच म्हणत होतो, लोकल.

म्हापसा_पीएचपी:
केलं. स्कॅन दुसऱ्या ड्राइव्हवर, मग गिट, मग योजना. दर आता बिलाच्या ओळीत आहे. एजंटने लिहिलेल्या अटीत ७५०० ची खोली १८ मध्ये जात होती, '७५०० पेक्षा कमी' असं लिहिलं होतं. ताईंनी दिलेल्या आकड्यांची टेस्ट होती म्हणून सापडलं. देव बरें करूं. एकच राहिलं: ऑगस्टमध्ये पूर्ण ॲडव्हान्स घेतला, मुक्काम आणि बिल ऑक्टोबरात. कुठला दर?

पर्वरी_लेखा:
मुक्काम, बिल, पैसे या तीन तारखा बघा. दोन ज्या बाजूला, तो दर. तुमच्या उदाहरणात मुक्काम आणि बिल दोन्ही नंतरचे, म्हणून नवा. बिलही ऑगस्टमध्येच फाडलं असेल तर जुना. दोन्ही टेस्टमध्ये घाला, आणि गेस्ट हाऊसवाल्याच्या सीएला एकदा दाखवा.