छोट्या कॉलेजात माजी खेळाडू-प्रशिक्षकांचा सन्मान: निकष, पुरावे, फलक?

परळचा_जिमखाना

मंडळी, परळ भागातल्या एका छोट्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघातर्फे विचारतोय. कॉलेजला साठ वर्षं होतायत. स्वतःचं मैदान नावापुरतं. कबड्डी, खो-खो, कॅरम आणि थोडं अ‍ॅथलेटिक्स एवढाच पसारा, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत कबड्डी-खोखोचे संघ दणक्यात होते. आता जिमखान्यात सन्मानफलक लावायचा आणि दरवर्षी चार-पाच जणांचा सत्कार करायचा असं ठरतंय. निकष काय ठेवावेत? जुन्या कामगिरीचे पुरावे कुठे मिळतील? फलक कशाचा करावा? आणि नुसत्या प्रवासखर्चावर शिकवून गेलेल्या प्रशिक्षकांना कसं मोजायचं? बजेट बेताचं आहे. कार्यक्रम १५ जानेवारीला करावा असं काहींचं म्हणणं आहे.

कागद_आधी

निकषांवर वाद घालत बसण्याआधी यादी करा. निम्मे वाद यादी नसल्यामुळेच होतात.

सुरुवात कॉलेजच्या वार्षिक अंकांपासून. प्रत्येक अंकात जिमखान्याचा अहवाल असतो, त्यातून खेळाडूचं नाव, खेळ, शैक्षणिक वर्ष आणि स्तर उतरवून काढा. वर्ष '१९७८-७९' असंच लिहा. नुसतं १९७८ लिहिलं की एकच स्पर्धा दोन वर्षांत मोजली जाते. नावाचं स्पेलिंग जनरल रजिस्टरवरून घ्या, अहवालावरून नको. अहवालात टोपणनावं आणि अर्धी आडनावं सर्रास असतात. 'विद्यापीठाकडून खेळला' या वाक्यावर तर अजिबात विसंबू नका. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळणारा कॉलेजकडून खेळतो आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळणारा विद्यापीठाच्या संघातून. अहवाल लिहिणारे दोन्हीला तेच म्हणतात.

पुराव्याचे तीन दर्जे करा: प्रमाणपत्र किंवा संघनिवडीचं पत्र, छापील बातमी किंवा अहवाल, आणि ऐकीव माहिती. पहिल्या दर्जाचा एक किंवा दुसऱ्या दर्जाचे दोन पुरावे असल्याशिवाय फलकावर नाव नाही. एकाच प्रेस नोटवरून दोन पेपरांत बातमी आली असेल तर तो पुरावा एकच धरायचा. वर्तमानपत्रांसाठी स्पर्धेचा महिना आधी नक्की करा आणि मगच ग्रंथालय गाठा, नाहीतर फायली चाळण्यात दिवस जातील.

जुनी प्रमाणपत्रं पाहताना गडबड होते ती अशी. आंतरविद्यापीठ स्पर्धा घेणाऱ्या आजच्या 'असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज'चं नाव १९७३ पर्यंत 'इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड' होतं. इंग्रजीत 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे'चं 'मुंबई' झालं १९९६ मध्ये. तेव्हा १९७० च्या प्रमाणपत्रावर वेगळं नाव दिसलं म्हणून ते बनावट ठरवू नका. उलट १९७० च्या इंग्रजी कागदावर आजचं नाव दिसलं, तर तो कागद नंतर करून घेतलेला आहे.

जुने संघफोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेले असतील तर ओढून काढू नका, फोटोचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. काच चिकटलेली नसेल तर मागचा पुठ्ठा उघडून फोटोची पाठ बघा, 'डावीकडून' म्हणून नावं तिथेच लिहिलेली सापडतात.

चढाई_पकड

वरच्याशी सहमत. निकषांबद्दल माझं मत: गुणपद्धती नको. आंतरविद्यापीठला १०, राज्याला १५ असे गुण लावले की कॅरम आणि कबड्डी एकाच तराजूत येतात, आणि मग प्रत्येक जण आपल्या खेळाचा गुणक वाढवून मागतो. त्याऐवजी किमान उंबरठा ठेवा: विद्यापीठ संघात निवड, किंवा आंतरमहाविद्यालयीन वैयक्तिक विजेतेपद, किंवा राज्य संघात निवड. कॉलेज सोडून किमान १० वर्षं झालेली असावीत. उंबरठा ओलांडलेल्यांतून समिती निवड करेल.

समिती पाच जणांची पुरे. शारीरिक शिक्षण संचालक, प्राचार्यांचा एक प्रतिनिधी, दोन वेगवेगळ्या खेळांचे दोन माजी खेळाडू आणि कॉलेजबाहेरचा एक जाणकार. सगळे कबड्डीवाले घेतलेत तर खो-खोच्या मुली यादीत दिसणार नाहीत, हे लिहून ठेवा. नातेवाइकाचं किंवा आपल्याच संघातल्या जोडीदाराचं नाव आलं की त्या सदस्याने त्या चर्चेतून उठायचं आणि तशी इतिवृत्तात नोंद करायची.

सांघिक खेळात पूर्ण संघाचा सन्मान हा वेगळा प्रकार ठेवा. कबड्डीत मैदानावर सात, पण राखीव धरून संघ बारा जणांचा. बाराही नावं आणि व्यवस्थापकही. फोटोत सातच आहेत म्हणून सातच छापले की उरलेले पाच जण कार्यक्रमाला येत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

पहिली दोन-तीन वर्षं सर्वांत जुन्या पिढीपासून सुरुवात करा. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणलं, १९८४ मध्ये ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १५ जानेवारी त्यांचाच जन्मदिवस, म्हणून राज्य क्रीडा दिन. तो दिवस निवडणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या.

पितळ_की_स्टील

फलकाबद्दल. सागवानी फळीवर सोनेरी रंगाने नावं लिहून घ्यायची हौस सगळ्यांना असते, पण दरवर्षी रंगारी शोधावा लागतो आणि दर वर्षाची अक्षरं वेगळी दिसतात. त्यापेक्षा एक मोठी पाटी आणि तिच्यावर सुट्या पट्ट्या. पट्टी १२ इंच लांब, दीड इंच उंच, दोन्ही टोकांना एकेक स्क्रू. चूक निघाली तर एकच पट्टी बदलते. ६ × ४ फुटांच्या पाटीवर दोन उभ्या रांगा सहज बसतात, आणि पुढच्या २० वर्षांची जागा मोजूनच माप द्या.

पितळ मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत काळवंडतं. मग शिपाई पॉलिश मारतो आणि त्यासोबत अक्षरांत भरलेला रंगही घासला जातो. आत, छपराखाली लावायचं असेल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, दीड मिमी जाड, अक्षरं कोरून त्यांत काळा इनॅमल. उघड्या व्हरांड्यात, समुद्राजवळ असेल तर ३१६ घ्या, नाहीतर तांबूस डाग पडतात. मागची पाटी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्लायची हवी, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत कडेने फुगतो. भिंत आणि पाटी यांच्यात १०-१२ मिमीचे स्पेसर ठेवा, म्हणजे ओल पाटीत उतरत नाही.

आता खरी मेख. युनिकोडमधला मजकूर काही दुकानदार जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये रूपांतरित करून घेतात आणि त्यात रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी इकडची तिकडे होते. 'कुऱ्हाडे', 'सुर्वे', 'म्हात्रे' अशी नावं सगळ्यात आधी तपासा. प्रूफ अंतिम पीडीएफचंच वाचायचं, टाइप केलेल्या फाइलचं नव्हे. कोरायला जाण्यापूर्वी ज्यांचं नाव आहे त्यांना किंवा घरच्यांना त्यांच्या पट्टीचा फोटो पाठवून लेखी होकार घ्या.

परळचा_जिमखाना

फार उपयोगी. दोन शंका. मुलींची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाने आहेत, फलकावर कुठलं नाव घालायचं? आणि प्रशिक्षकांचं राहिलंच.

कागद_आधी

ज्या नावाने खेळल्या ते नाव आधी, आजचं नाव त्यापुढे, हवं असेल तर. त्यांनाच विचारा. रजिस्टरशी आणि प्रमाणपत्राशी जुळणारं नाव फलकावर नसेल तर वीस वर्षांनी पुढच्या समितीला ताळा लागणार नाही.

चढाई_पकड

प्रशिक्षकांच्या बाबतीत पदकं मोजू नका. सलग किती वर्षं संघ उभा केला, किती खेळाडू विद्यापीठ संघापर्यंत गेले आणि माणूस पगारी होता की मानद, हे बघा. किमान पाच वर्षं आणि तीन वेगवेगळ्या तुकड्यांतल्या खेळाडूंची लेखी शिफारस एवढं पुरे. प्रशिक्षकांसाठी दरवर्षी एक जागा राखीवच ठेवा, नाहीतर खेळाडूंच्या गर्दीत ते मागे पडतात. देशपातळीवरही खेळाडूंचा अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आणि प्रशिक्षकांचा द्रोणाचार्य १९८५ पासून, तेव्हा ही सवय जुनीच आहे! मैदान आखणारा, जाळी बांधणारा शिपाई किंवा माळी यांच्यासाठी 'विशेष सेवा' असा प्रकार करा, पण तो दरवर्षी द्यायलाच हवा असं बंधन नको.

पितळ_की_स्टील

कार्यक्रमाचं थोडं. १५ जानेवारीला रविवार आला तर आधी लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) बघा. डोंबिवली-विरारहून येणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तो आडवा येतो. कामाच्या दिवशी असेल तर दुपारी ३ ला सुरू करून ५ च्या आत संपवा, म्हणजे परतीच्या गर्दीत सापडणार नाहीत. सभागृह वरच्या मजल्यावर असून लिफ्ट नसेल तर सरळ तळमजल्यावरच्या जिमखान्यातच करा.

मानपत्र ए४ मापाचं, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावलेलं. मोठी काचेची फ्रेम, शाल आणि नारळ घेऊन लोकलमध्ये चढता येत नाही. मानपत्रात विशेषणं कमी, वर्षं आणि स्पर्धा जास्त. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी दोन माजी खेळाडूंनी त्याच आठवड्यात जावं, कुरिअर नको.

पैशांचं: देणगी संघाच्या खात्यात चेकने किंवा ऑनलाइन घ्या. करसवलतीची नोंदणी असेल तरी २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरली जात नाही, आणि देणगीदार नेमकं तेच नंतर विचारतात. फलकाचा खर्च एकदाच, पण पट्ट्या, मानपत्रं आणि चहा दरवर्षी. म्हणून जमलेल्या रकमेतला मोठा भाग मुदत ठेवीत टाका आणि व्याजात बसतील तेवढेच सत्कार करा, चार नाही जमले तर दोन.