जुन्या ४०७ ला दुसरं इंजिन बसवलं, डिझेलचे पाईप कुठे कुठे जोडायचे?

मंडळी, आमच्या जुन्या टाटा ४०७ ट्रकमध्ये भंगारातून आणलेलं ४९७ इंजिन बसवलंय, इनलाइन पंपवालं (नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप). टाकीतून दोन पाईप येतात, दोन्ही सारखेच जाड, खुणा काही नाहीत. अंदाजाने जोडले तर गाडी चालू होते, दोन मिनिटं चालते आणि बंद. काय चुकतंय?

डिझेलवाला: भाऊ आधी टाकीपाशी बघा, फ्लोटच्या (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाच्या) प्लेटवर ज्याची नळी तळापर्यंत जाते ती सप्लाय, आखूड असेल ती रिटर्न. सप्लाय फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), तिथून फिल्टर, फिल्टरमधून मोठ्या पंपाला. रिटर्नला मोठ्या पंपाचा ओव्हरफ्लो (जादा डिझेल परत जायची वाट) आणि नोझलची लीक-ऑफ लाईन (नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणारी). उलटं जोडलं असेल तर आखूड नळीतून हवाच ओढणार ना.

पिंटू_गॅरेज: आणि एक बघा दादा, मोठ्या पंपावरचे बँजो बोल्ट (आतून पोकळ, डिझेल जाऊ देणारे) अदलाबदल झालेत का. ओव्हरफ्लोच्या बोल्टात स्प्रिंग आणि गोळी असते, तो चुकून इनलेटला लागला की डिझेल अडतं. हे लय गॅरेजवाले करतात, काढताना सगळे बोल्ट एकाच डब्यात टाकतात.

प्रश्नकर्ता: बोल्ट बरोबर आहेत. पाईप बदलून जोडले, आता पाच-सात मिनिटं चालते मग मरते. गळती कुठेच दिसत नाही.

डिझेलवाला: टाकी ते फीड पंप या भागात गळती बाहेर दिसत नाही, तिथे हवा आत जाते. फीड पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक पाईप लावा, बुडबुडे दिसतील. तांब्याचे वायसर नवेच टाका, मग हँड प्रायमर (हाताने मारायचा छोटा पंप) मारून फिल्टरवरच्या बोल्टातून फेस यायचा थांबेपर्यंत हवा काढा.