डिस्कस माशांची सगळी अंडी पांढरी पडतात, मदत हवी आहे

जोडी जमली आहे, टाकीतल्या मातीच्या शंकूवर (कोनवर) अंडीही घालते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी पांढरी. टाकी दीड फुटी चौकोनी, तळ मोकळा, स्पंज फिल्टर, तापमान २९ अंश. पाणी बोअरचं: टीडीएस (विरघळलेले क्षार) ४२०, पीएच ७.६. पीएच उतरवायला आम्ल घालू का? आणि मेथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) घालू का?

प्रतिसाद १
आम्ल अजिबात नको. अडचण पीएचची नाही, क्षारांची आहे. कॅल्शियम जास्त असलं की अंड्याचं कवच लवकर कडक होतं आणि नराचं बीज आत शिरत नाही. आम्लाने क्षार जात नाहीत. उलट पीएच रोज वरखाली होऊन जोडीच बिथरते.

१ भाग बोअरचं आणि ५ भाग आरओचं पाणी मिसळा. आरओचं ३० धरलं तर मिश्रण ९५ च्या आसपास येईल. अंड्यांसाठी ते चांगलं. घरच्या आरओ यंत्रात बरेचदा टीडीएस वाढवायचा स्क्रू किंवा मिनरल कार्ट्रिज असते, म्हणून पाणी आधी मीटरने मोजा. नळीतून वाया जाणारं पाणी घेऊ नका, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

बदल एकदम नको. रोज पाव टाकी या मिश्रणाने बदला, म्हणजे आठवडा-दहा दिवसांत टीडीएस खाली येईल. निव्वळ आरओचं पाणीही नको, त्यात पीएच अचानक कोसळतो.

प्रतिसाद २
त्याआधी दोन्ही माद्या नाहीत ना, ते बघा. माद्यांचीही जोडी जमते, दोघी कोन साफ करतात, अंडीसुद्धा घालतात. अंडी घालण्याच्या वेळी बाहेर आलेली नळी पाहा: मादीची जाड आणि टोकाला बोथट, नराची बारीक व टोकदार. एका खेपेला नेहमीपेक्षा खूपच जास्त अंडी दिसली तर शंका घ्याच.

नर पक्का असेल तर फिल्टरची हवा त्या वेळेपुरती कमी करा. प्रवाह जोरात असेल तर बीज अंड्यांपर्यंत पोचत नाही. मेथिलीन ब्लू बुरशी रोखतं, पण न फळलेलं अंडं ते फळवू शकत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
कळलं, दोन्ही तपासतो. अंडी फुटली तर पुढे काय सांभाळायचं?

प्रतिसाद १
फळलेल्या अंड्यांत दीड दिवसात काळे ठिपके दिसतात आणि साधारण अडीच दिवसांत ती फुटतात. पिल्लं आणखी दोन-तीन दिवस कोनलाच चिकटून वळवळतात, मग पोहू लागतात. खरी कसोटी इथे असते, कारण पहिलं अन्न म्हणजे आईबापांच्या अंगावरचा चिकट थर. पिल्लं गडद रंगाकडे ओढली जातात. काळा हीटर किंवा काळा स्पंज असेल तर त्यालाच चिकटून उपाशी मरतात. म्हणून गडद वस्तू काढा किंवा झाका, पाण्याची पातळी निम्म्यावर आणा आणि रात्री मंद दिवा ठेवा. अंधारात घाबरलेली जोडी अंडी-पिल्लं खाऊन टाकते.

पोहायला लागल्यावर चार-पाच दिवसांनी ताजं फोडलेलं ब्राइन श्रिंप (अंड्यातून नुकतेच निघालेले खाऱ्या पाण्यातले बारीक जीव), थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. उरलेलं लगेच शोषून काढा. दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं वेगळी करा, पण त्याआधी ती श्रिंप नीट खातात, पोटं नारिंगी दिसतात याची खात्री करा.