मदत हवी आहे: अ‍ॅसिड सांडल्यावर फायर ब्रिगेडवाले पाणी का नाही मारत?

नमस्कार मंडळी, इथे कोणी फायर किंवा सेफ्टीवाले असतील तर प्लीज सांगा. परवा रबाळे एमआयडीसीत टँकरच्या व्हॉल्व्हमधून अ‍ॅसिड गळत होतं, पाटीवर १८३० नंबर म्हणजे सल्फ्युरिक. मला वाटलं आता पाण्याचे फवारे सुरू होणार, पण त्यांनी आधी वारा कुठून येतोय ते बघितलं, गाडी त्याच बाजूला लांब लावली, आम्हा बघ्यांना हाकललं (बरंच केलं, आम्ही मोबाईल काढून उभे होतो), मग दोघं फुल सूट आणि पाठीवर सिलेंडर घालून आत गेले नि गटाराच्या तोंडाशी कोरडी वाळू टाकली.

पाणी पडलं की ते उकळून उडतं एवढं शाळेत शिकलोय. पण नंतर अ‍ॅसिडचा जोर मारायला सोडा अ‍ॅश (धुण्याच्या सोड्यासारखी पावडर) टाकताना पण फसफसतं आणि गरम होतंच ना, मग किती नि कसं टाकायचं हे कसं ठरवतात? आणि कोणाच्या अंगावर उडालं तर तिथे मात्र भरपूर पाणीच ओतायचं, बरोबर ना? आमच्या गाळ्यात पण दोन कॅन असतात म्हणून विचारतोय, वाळूची बादली कुठे ठेवू, कॅनजवळ की दाराशी?